घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उभी करताना: कोणती हत्यारं, कोणत्या क्रमाने

जुनी गाडी नव्याने उभी करायची म्हणजे तीन कामं: खोलणं, दुरुस्त करणं आणि पुन्हा जोडणं. तिन्हींची हत्यारं वेगळी आहेत. पहिल्याच आठवड्यात मोठी टूलकिट आणि वेल्डिंग मशीन आणून ठेवलं, तर त्यातलं निम्मं वर्षभर डब्यात राहतं आणि हवा असलेला नेमका पाना त्यात नसतो. म्हणून काम ज्या क्रमाने पुढे सरकतं त्याच क्रमाने हत्यारं घ्यावीत. जे हत्यार तुमच्या डोक्यावरचं वजन पेलतं, जे तुमचा श्वास राखतं आणि जे माप सांगतं, त्यात काटकसर करू नका. हातोड्या, पकडी, छिन्न्या, पत्र्याच्या कात्र्या वापरलेल्या मिळाल्या तरी बिनधास्त घ्या.

जागा, वीज आणि गाडी उचलणं

गाडीच्या दोन्ही बाजूंना दार पूर्ण उघडून माणूस वावरू शकेल इतकी, म्हणजे साधारण 1 मीटर जागा हवी. खोललेली गाडी अख्ख्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट जागा खाते. दारं, बॉनेट, सीट, डॅशबोर्ड यांच्यासाठी भिंतीवर मजबूत मांडणी आधीच करून घ्या. दिवा गाडीच्या डोक्यावर एकच लावला, तर काम करायच्या जागी तुमचीच सावली पडते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लांब एलईडी ट्यूब लावा आणि हातात धरायला एक छोटा चार्जिंगचा दिवा ठेवा.

कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीनसाठी स्वतंत्र वायर ओढून घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवा. लांब, बारीक एक्स्टेन्शन बोर्डावर वेल्डिंग मशीन चालवलं की व्होल्टेज पडतं आणि टाका नीट वितळत नाही. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती तिथेच तापून वितळू शकते, म्हणून वापरताना पूर्ण उलगडायची.

गाडी उचलायला 2.5 ते 3 टनांचा, बुटका ट्रॉली जॅक आणि चार स्टँड लागतात. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्यातलं तेल एका सीलच्या भरवशावर दाब धरून असतं आणि ते सील फुटण्याआधी काहीही इशारा देत नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वरून भक्कम दिसतात, पण एका कोपऱ्यावर भार आला की एकदम फुटतात. लोखंडी स्टँडच हवेत आणि तेही सपाट काँक्रीटवर.

जुन्या गाडीत आणखी एक धोका आहे, तो नव्या गाडीत नसतो. मॅन्युअलमध्ये दाखवलेली जॅक लावायची जागा गंजाने आतून पोकळ झालेली असू शकते. आधी तिथे टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर स्टँड तिथे लावू नका. चासीचा मुख्य पट्टा किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं आहे तो जाड भाग शोधा. स्टँडवर गाडी टेकली की आत शिरण्याआधी ती दोन्ही बाजूंनी जोरात हलवा. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी तेवढी उंची वाचते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. त्यामुळे गॅरेजमध्ये खड्डा असेल तर टाकी, कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पाइपचं काम त्याच्यावर करू नका. अग्निशामक नळकांडं दाराजवळ टांगा, आतल्या भिंतीवर नको. आग तुमच्या आणि नळकांड्याच्या मध्ये लागली तर त्याचा उपयोग शून्य.

खोलण्यापूर्वीची तपासणी

इंजिन फिरत असेल तर ते उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि फ्युएल बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि गेज स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरवा. आकडा किती आहे यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. तो 10 ते 15 टक्क्यांच्या आत हवा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. हे दहा मिनिटांचं काम इंजिनवर किती खर्च येणार ते आधीच सांगून जातं.

पाने, गोट्या आणि जाम बोल्ट

सगळ्यात आधी गाडीचे बोल्ट कोणत्या मापाचे आहेत ते ठरवा. बहुतेक गाड्या मिलिमीटरवर आहेत. जुन्या अमेरिकी गाड्या आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या इंचावर, तर त्याहूनही जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ माप येतं. अर्ध्या इंचाच्या बोल्टचं डोकं 12.7 मिमीचं असतं. त्याला 13 चा पाना बसतो, पण 0.3 मिमी सैल राहतो आणि बोल्ट घट्ट असेल तर त्याचे कोपरे गोल करून सोडतो. पाऊण इंच आणि 19 मिमी मात्र जवळजवळ एकच आहेत, तिथे काही बिघडत नाही. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, डोक्याचा नसतो. म्हणून पाव इंच व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात 13.3 मिमी निघतो.

मिलिमीटरच्या गाडीला 8 ते 19 पर्यंतचे रिंग-फिक्स पाने आणि 8 ते 24 पर्यंतच्या गोट्या (सॉकेट) पुरतात. त्यातही 10, 12, 13, 14, 17 आणि 19 याच सतत हातात असतात. गोट्या सहा कोनांच्या घ्या. बारा कोनांची गोटी फक्त कोपऱ्याच्या टोकाला धरते आणि गंजलेल्या बोल्टवर घसरते. 3/8 इंच ड्राइव्हचा रॅचेट रोजच्या कामाला, 1/2 इंचाचा सस्पेन्शन आणि चाकांना. जाम बोल्ट सोडवायला रॅचेट वापरू नका, त्याचे आतले दाते तुटतात. त्यासाठी 600 मिमी लांबीचा साधा ब्रेकर बार असतो.

ब्रेक पाइपच्या नटांना फ्लेअर नट पाना लागतो. तो रिंग पान्यासारखाच असतो, फक्त पाइप आत सरकेल एवढी फट ठेवलेली असते. ते नट मऊ असतात आणि फिक्स पान्याने हमखास गोल होतात. बहुतेक गाड्यांना 10 आणि 11 मापाचे दोन पाने पुरे. जपानी गाड्यांवर अधिकचं चिन्ह असलेले स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्सचा बिट त्यांतून उसळून बाहेर येतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर वेगळे घ्या. दाराच्या बिजागरीचे किंवा ब्रेक ड्रमचे स्क्रू हलत नसतील तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. त्याचा ठोका स्क्रूला आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, म्हणून खाच टिकते.

जाम बोल्टवर घाई केली की तो तुटतो आणि अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस होतात. आधी बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने साफ करा. नाहीतर सोडवताना नट त्याच गंजात जाऊन अडकतो. मग पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या. त्याने आट्यांमधला गंज तडकतो आणि तेल आत शिरतं. पहिला जोर आवळायच्या दिशेने लावा, अगदी थोडा. मग सोडवा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आत, मग बाहेर, असं मागे-पुढे करत काढा. सुटला म्हणून एका दमात ओढायला गेलात तर गंजाचा भुगा आट्यांत ठासतो आणि बोल्ट अर्ध्यावर तुटतो.

तेवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. नट तापवायचा, बोल्ट नाही, कारण नट फुगला तरच भोक मोठं होतं. फ्युएल पाइप, ब्रेक होज, रबर बुश आणि शॉक ॲबसॉर्बर यांच्या आसपास उघडी ज्योत नको. तिथे इंडक्शन हीटर चालतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेला लोखंडी स्टड असेल तर भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण लक्ष ठेवा, ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही.

तरीही तुटलाच, तर टोक बाहेर असल्यास त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते आणि नट पकड देतो. टोक आत गेलं असेल तर नेमक्या मध्यावर सेंटर पंच मारा आणि डाव्या आट्यांच्या ड्रिलने भोक पाडा. बऱ्याचदा भोक पडता पडताच तुकडा फिरून बाहेर येतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर शेवटचा उपाय. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. जुने आटे साफ करायला टॅपऐवजी थ्रेड चेझर घ्या. टॅप आटे नव्याने कापतो आणि चांगला धातूही काढून टाकतो.

काढलेला प्रत्येक बोल्ट शक्य असेल तर हाताने त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवा. बाकीचे झिपच्या पिशवीत घाला आणि वर "डावं पुढचं दार, वरची बिजागरी" इतकं स्पष्ट लिहा. खोलण्याआधी फोटो काढा आणि वायरिंगचे तर दोन दिशांनी काढा. जुनी रबरं आणि सील नवीन हातात येऊन बसेपर्यंत फेकू नका. नमुन्याशी जुळवायला दुसरं काही नसतं.

जड कामाची अवजारं

इंजिन उतरवायचा हॉइस्ट एकदा उतरवताना आणि एकदा चढवताना लागतो. तो भाड्याने किंवा उसना आणा. त्याच्यावर लिहिलेली क्षमता बूम (पुढे सरकणारा लोखंडी हात) सगळ्यात आखूड असतानाची असते. 2 टनांचा हॉइस्ट बूम पूर्ण लांबवल्यावर साधारण अर्धा टनच पेलतो आणि इंजिनपर्यंत पोहोचायला बूम लांबवावाच लागतो. इंजिन स्टँड मात्र महिनोन् महिने वापरात राहतो. तो चार चाकांचा घ्या, कारण तीन चाकांचा छोट्या खडीवर अडकला की उलटतो. इंजिन त्याला 8.8 किंवा त्याहून वरच्या ग्रेडच्या बोल्टनेच लावा.

कॉइल स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आधी नीट तपासा. आटे स्वच्छ आणि ग्रीस लावलेले, हूक न वाकलेले, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने आवळायच्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. बॉल जॉइंट काढायला काट्यासारखा फोर्क वापरला तर रबर बूट फाटतं. जॉइंट परत वापरायचा असेल तर स्क्रूवाला सेपरेटर घ्या.

पत्रा, गंज आणि वेल्डिंग

115 किंवा 125 मिमीचा अँगल ग्राइंडर, 1 मिमीच्या कटिंग डिस्क आणि 60-80 ग्रिटच्या फ्लॅप डिस्क यावर पत्र्याचं बहुतेक काम होतं. डिस्कवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच हवा. 115 मिमीचे ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतात. गार्ड काढू नका. कापडी हातमोजे घालून ग्राइंडर किंवा ड्रिल चालवू नका, धागा अडकला की हात ओढला जातो. वायर ब्रशच्या तारा उडतात, म्हणून चष्म्यावर चेहरा झाकणारं शील्डही हवं.

कारखान्यात स्पॉट वेल्डने जोडलेला पत्रा सोडवायला 8 मिमीचा स्पॉट वेल्ड कटर वापरा आणि फक्त वरचा थर कापा. परत जोडताना नव्या पत्र्याला 6 ते 8 मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. कुजलेला पत्रा कापताना लाल दिसतंय तिथेच थांबू नका. चकचकीत धातू लागेपर्यंत कापा, नाहीतर वेल्ड कडेने फाटत जातो.

बॉडीच्या पत्र्याची जाडी 0.8 ते 1 मिमी असते. त्यासाठी 0.6 मिमी वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्र गॅस चालवणारं मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) घ्या. गॅस मिनिटाला 8 ते 12 लिटर. बिनगॅसची फ्लक्स वायर जाड चासीवर ठीक, पण पातळ पत्र्याला ती भोकं पाडते. सलग वेल्ड ओढू नका. 25 मिमीच्या अंतराने टाके मारा, एक इकडे, पुढचा लांब तिकडे आणि मधली जागा भरत जा. सलग उष्णता लागली की पत्रा फुगून लाटा येतात आणि त्या हातोडीने काढायला दुप्पट वेळ जातो. फट मोठी असेल तर मागे तांब्याची पट्टी धरा. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढा. मागच्या बाजूला कार्पेट, फोम, फ्युएल पाइप आहे का ते हात घालून तपासा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्डिंग कधीच करू नका. त्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने तापासारखं आजारपण येतं, तेव्हा कडेचा थर आधी घासून काढा आणि दार उघडं ठेवा. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. ती घरी वेल्ड करू नका.

लोखंडी छोट्या भागांचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर 4 लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह भागाला आणि पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडाला. स्टेनलेस स्टील पॉझिटिव्हला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भागही यात घालू नका. हायड्रोजन निघतो, त्यामुळे काम मोकळ्या हवेत. सँडब्लास्टिंगला वाळू वापरू नका. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बॉनेट, छत असे मोठे सपाट पत्रे ब्लास्ट केले तर वाकतात.

जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.

हवा आणि रंग

कॉम्प्रेसर निवडताना टाकीच्या आकारापेक्षा आणि हॉर्सपॉवरपेक्षा प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी बघा. ती सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) लिहिलेली असते आणि 1 सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) स्प्रे गनला 10 ते 14 सीएफएम लागते, हवेवरच्या सँडरला जवळपास तेवढीच. घरच्या सिंगल फेजवर चालणारे बहुतेक कॉम्प्रेसर इतकी हवा सतत देऊ शकत नाहीत. टाकी रिकामी होत गेली की गनचा दाब पडतो आणि रंगाचे थेंब मोठे होऊन संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. त्यामुळे सँडर विजेवरचा घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर फक्त गनसाठी उरतो. शिवाय कमी हवेची एलव्हीएलपी गन घेतली तर छोटा कॉम्प्रेसरही एकेक पॅनेल नीट रंगवतो.

तापलेल्या हवेतला ओलावा पाइपमध्ये थंड होऊन पाणी बनतो, म्हणून वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर पाइपनंतर लावा. टाकीचं पाणी रोज खालच्या कॉकमधून सोडा. हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरू नका. तो फुटला की तुकडे उडतात.

लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा थर 3 मिमीच्या आत ठेवा. त्याहून जाड लागत असेल तर पत्रा अजून हातोडी आणि डॉलीने (मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) सरळ व्हायचा आहे. लांबी पाणी शोषते, तिला कोरडंच घासायचं. 80 ग्रिटचा कागद, मग 180, मग प्रायमरवर 320 आणि 400, तेही लांब ब्लॉकवर. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणा रंगाखालून दिसतात. हाय-बिल्ड प्रायमरला 1.7-1.8 मिमी नोझल, रंगाला आणि क्लिअरला 1.3-1.4.

हार्डनर घालून वापरायच्या टू-के रंगांत आणि प्रायमरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीच्या मास्कचा इथे काही उपयोग नाही. कोळशाचा फिल्टर संपला तरी वासावरून कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा आणि ती हवा गॅरेजच्या ऑइलवाल्या कॉम्प्रेसरची नको. एवढी सोय नसेल तर घासकाम घरी करा आणि फवारणीसाठी पेंट बूथवाल्याकडे द्या. आमचं मत विचाराल तर बहुतेक घरांसाठी हाच मार्ग योग्य.

जोडणी

आता मोजायची हत्यारं काढा: व्हर्निअर, फिलर गेज, चुंबकी बैठकीचा डायल गेज आणि दोन टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक करणारे पाने). एक 3/8 ड्राइव्हचा 10 ते 60 न्यूटन-मीटर, दुसरा 1/2 ड्राइव्हचा 40 ते 200. मोठ्या रेंचने छोटा बोल्ट आवळू नका, पट्ट्याच्या तळाला तो अचूक नसतो. क्लिक झाला की थांबा, दुसऱ्यांदा क्लिक करू नका. आट्यांना तेल लावलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे म्हणतं की तेल लावलेले ते वाचून घ्या. काम झाल्यावर रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा आणि त्याने कधी बोल्ट सोडवू नका.

वायरिंगला रॅचेटवाला क्रिम्पर, हीट श्रिंक नळ्या आणि मल्टिमीटर. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. जुन्या गाडीतले बरेचसे विजेचे दोष अर्थिंगचे असतात. हेडलाइट लावून दिव्याच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.2 च्या वर आलं तर तो जोड उघडा, चकचकीत घासा आणि परत आवळा. नवा रंग लावलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण अर्थिंगच्या बोल्टखाली रंग बसलेला असतो.

ब्रेकमधली हवा काढताना ब्लीडरवर (हवा सोडायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा. डॉट 3 आणि डॉट 4 ऑइल रंग उकलतं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. गाडी हलवण्याआधी पेडल 30 सेकंद जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सुटलाय. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, बहुतेक गाड्यांना तो 90 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, आणि पहिल्या 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.